न तपासलेला तराजू

"हात खिशात."

तळघरातल्या खोलीचं कुलूप उघडण्याआधी ते मागे वळून एवढंच म्हणायचे. माझे दोन्ही हात पँटच्या खिशात गेल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. मी पन्नाशीचा माणूस, दोन मुलींचा बाप, मोठ्या केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत वजनयंत्रं तपासणं हा माझा धंदा. तिथं चार माणसं माझं ऐकतात. इथं मात्र मी शाळेतल्या पोरासारखा निमूट हात खिशात घालायचो.

लुडविग्सहाफेनच्या कडेला आमची इमारत आहे. ते तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. धाकटी लहान असताना त्यांना 'ओपा उंटन' म्हणायची, त्याचं आमच्या घरात 'खालचे आजोबा' झालं. समोरासमोर मात्र आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत 'हेर नाखबार', म्हणजे शेजारीसाहेब. बारा वर्षांत त्यापलीकडे कोणी गेलं नाही.

तुमच्याही आसपास असा एखादा माणूस असेल, की ज्याचा सूर्यावरही पूर्ण विश्वास नसतो. खालचे आजोबा बेकरीतून ब्रेड आणला की घरी वजन करायचे. ट्राम वेळेवर आली की स्वतःचं घड्याळ तपासायचे. "खोक्यावर जो लिहितो, तो विकणारा असतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते दुधापासून औषधाच्या गोळीपर्यंत सगळ्याला लागू होतं.

आमची ओळखच मुळी संशयानं झाली. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं.

"तुमच्या घरात वाफ कोंडून सोडतात. तीनदा. आवाज ऐकला मी. ते भांडं किती जुनं आहे?"

बायकोनं आत वळून मला हाक मारली. "अहो, बाहेर या. हे आपल्या कुकरचं वय विचारतायत."

वय विचारून थांबले नाहीत. कुकर मागवून घेतला, झाकण उलटं केलं, शिट्टीच्या भोकातून दिव्याकडे बघितलं, रबराची रिंग बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "ही बदला. दाबाशी थट्टा नको." खरं सांगायचं तर रिंग तीन वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती. बायको गेली दीड वर्षं मला तेच सांगत होती. त्या दिवसापासून ती त्यांच्या बाजूची झाली.

मी मात्र नाही. मला त्यांचा संशय येत होता. तळघरातून संध्याकाळी 'टक्' असा आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग पुन्हा 'टक्'. शनिवारी पहाटे ते एक लांबट पेटी गाडीत ठेवायचे. तळघराच्या खिडकीच्या आत, जमिनीलगत, काचेच्या बाटल्यांची रांग दिसायची आणि प्रत्येक बाटलीत काहीतरी चेंदामेंदा झालेलं, तांबूस. मी बायकोला म्हणालो, "मला वाटतं, पोलिसांना कळवावं."

"आधी त्यांना विचारा तरी."

जिना धुण्याच्या पाळीचं निमित्त काढून एकदा विचारलं. ते म्हणाले, "आल्झो," म्हणजे 'तर मग', "मी वाटच बघत होतो. चार महिने तुम्ही माझ्या खिडकीसमोर वाकून बुटाची नाडी बांधताय. तुमच्या बुटांना नाड्या नाहीत."

तर ते शिकारी होते. परवानावाले, परीक्षा दिलेले, दर काही वर्षांनी कागद दाखवावे लागणारे. फाल्झच्या जंगलात रानडुकरं माजतात, शेतं उकरतात, त्यांच्यासाठी आणि कधीमधी हरणासाठी ते जायचे. बंदूक एकच. नऊ पॉइंट तीन मिलीमीटरची, ना फार बारीक ना हत्तीला लागेल एवढी मोठी. मधली. काडतुसं मात्र विकतची नाहीत. का ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांच्याही खोक्यावर विकणाऱ्यानंच लिहिलेलं असतं.

काडतुसं ते स्वतः भरायचे. त्याचाही वेगळा परवाना होता आणि तो भिंतीवर चौकटीत होता, लग्नाचा फोटो असावा तशा जागी. वापरलेली पितळी नळी स्वच्छ करायची, तिच्या बुडाला ठिणगीची टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. टक्. मधे फोन वाजला, कोणी हाक मारली, शिंक आली, तर हातातली नळी पुन्हा रिकामी करून पहिल्यापासून. "माणूस म्हणतो, मला आठवतंय. तिथूनच अपघात सुरू होतो."

आई भारतातून आली तेव्हा मी तिला कौतुकानं सांगितलं, की खालचे आजोबा तळघरात बसून दारू भरतात. ती म्हणाली, "चेहऱ्यावरून वाटलंच होतं."

बाटल्यांमधला तो चेंदामेंदा म्हणजे जनावराच्या अंगातून परत काढलेल्या गोळ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठलं जनावर, किती अंतरावरून, गोळी लागल्यावर किती पावलं पळालं. चाळीस वर्षं त्यांनी शिशाची गोळी वापरली होती आणि चाळीस वर्षं तिच्यावर संशय घेत घेत अखेर तिला मानलं होतं. नेमकं तेव्हाच त्यांच्या जंगलात शिसं बंद झालं. आता तांब्याची गोळी वापरा, असा हुकूम आला.

झालं. नवा संशयित मिळाला. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, नळीत जास्त घुसते, दारूची जागा खाते. म्हणून हलकी गोळी घ्यावी, तर ती जनावराच्या अंगात नीट उमलते की सुईसारखी आरपार जाते? त्यांनी चार प्रकारच्या गोळ्या आणल्या. वर्षभर दर शनिवारी चांदमारीवर जाऊन प्रत्येकीच्या तीन-तीन फैरी झाडायचे, कागद घरी आणायचे, तळघरातल्या टेबलावर पसरायचे, आणि त्यावर कॉफीचा कप ठेवायचे. तिन्ही भोकं कपाच्या बुडाखाली झाकली गेली तर गोळी पास.

"आणि एखाद वेळी नाही झाकली गेली तर?" मी विचारलं.

"तर कारण शोधायचं. सापडलं नाही, तर कारण मी आहे. त्या दिवशी बंदूक परत." हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, की मला आधी कळलंच नाही ते काय बोलतायत. मग सांगितलं. तरुणपणी त्यांच्या एका मित्राची गोळी दोन बोटं मागे लागली. डुक्कर गेलं. दोघं कुत्रा घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या मागावर होते. सापडलं तेव्हा जिवंत होतं. "त्याची नजर बघितल्यावर मी ठरवलं. दारू कमी पडली तर जनावर भोगतं. जास्त पडली तर मी. पण मी विकत घेतलेलं दुखणं आहे ते, त्याचं नाही."

या सगळ्या संशयाच्या कारभारात एकच वस्तू संशयातून सुटलेली होती. टेबलाच्या मधोमध काचेच्या पेटीतला पितळी तराजू. दोन इवली पारडी, मधे उभा काटा. त्यांची बायको औषधांच्या दुकानात होती, तिथं विजेवरची यंत्रं आल्यावर हा तराजू तिनं घरी आणला आणि त्यांना दिला. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी धंद्याच्या सवयीनं एकदा म्हणालो, "तपासून देऊ का? आमच्याकडे प्रमाणित वजनं आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बाईंचं चारित्र्य विचारलं. "तो तिनं तपासलेला आहे."

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. म्हणजे हात खिशात असूनही घडलेलं.

आई आली होती ती दसऱ्याच्या तोंडावर. खाली खरीखुरी बंदूक आहे हे कळल्यावर तिला राहवेना. "शस्त्र आहे घरात आणि खंडेनवमीला पूजा नाही? कसली माणसं!" मी भीत भीत खाली विचारलं. त्यांनी अटी घातल्या. बंदूक कपाटातून निघणार नाही, दारू कपाटातून निघणार नाही, टेबलावरच्या अवजारांची पूजा चालेल. आणि प्रश्न: "त्या लाल पुडीत काय असतं? मीठ आहे का? लोखंड गंजेल का?" हळद आणि चुना, मी म्हणालो. त्यांनी चिमूटभर कुंकू कागदावर घेतलं, भिंगातून बघितलं, हुंगलं, आणि "या" म्हणाले. जर्मनमधला या, म्हणजे 'हो'.

नवमीच्या सकाळी आई नऊवारी नेसून, हातात ताट घेऊन तळघराचा जिना उतरली. ताटात हळदकुंकू, फुलं, साखर. आणि पेटलेलं निरांजन.

"नाइन!" म्हणजे 'नाही!'

बारा वर्षांत त्यांचा चढा आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. दोन्ही हात पसरून ते दारात आडवे झाले. आई दचकली, पण मागे सरली नाही. "अरे, ह्यांना सांग, तुपाचं आहे, रॉकेलचं नाही." मी दोन्हीकडे समजावत बसलो. शेवटी आई म्हणाली, "बरं, वर नेऊ दे. पण फुंकायचं नाही म्हणावं."

मला वाटलं, जिन्यात फुंकतील. नाही फुंकलं. ते निरांजन दोन्ही तळव्यांत धरून, ज्योतीला अंगाचा आडोसा करून, एकेक पायरी मोजत अंगणात घेऊन गेले. वाऱ्यापासून सुरक्षित जागा शोधायला त्यांना पाच मिनिटं लागली.

त्या पाच मिनिटांत आईनं तराजू पाहिला.

आईचे वडील कराडचे भुसारी. तिच्या माहेरी दसऱ्याला पहिला मान तराजूचा. बंदुका, यंत्रं तिला परकी. हा घरचा माणूस भेटला. मी तोंड उघडायच्या आत तिनं काचेची पेटी उघडून, वातीच्या तुपानं माखलेल्या बोटानं, बरोबर दांडीच्या मध्यावर, काट्याच्या मुळाशी, ठसठशीत कुंकू लावलं आणि हात जोडले.

तराजूच्या दांडीला तिथं एक बारीक धार असते, त्या धारेवर तो सगळा डोलारा तोललेला असतो. हे ज्याला पोटापाण्यासाठी ठाऊक आहे तो माणूस शेजारी उभा होता. मी काय केलं? जिन्यात पावलं वाजली, मी घाबरलो, खिशातून रुमाल काढून ते कुंकू पुसलं, पेटी लावली, हात खिशात. बाहेरून तराजू लख्ख दिसत होता. तूप आत धारेत गेलं असेल हा विचार मला शिवलाच नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. शिवला होता. पण ते खाली येऊन आईकडून साखर घेत होते, आणि म्हटलं, कशाला आता.

नोव्हेंबरात हाक्याच्या शिकारी सुरू होतात. त्याआधीच्या शनिवारी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर कागद होता, त्यावर कप, आणि कपाच्या बाहेर दोन भोकं.

"गोळी," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी म्हणाले, "दारूची नवी बरणी." मग दुर्बिणीचे स्क्रू. मग वारा. ज्या तांब्याच्या गोळीला एवढ्या परीक्षांनंतर पास केलं होतं, तिला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. चौथ्या शनिवारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. डोळे ठीक.

मग ते बदलले. जिन्यात भेटले की विचारायचे, "हे मी तुम्हाला आधी सांगितलंय का?" दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावली: गॅस, खिडकी, किल्ली. एकदा बायकोनं डबा दिला, तर दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत करून, संध्याकाळी पुन्हा विचारायला आले, की डबा परत केला का. ब्रेडवर, ट्रामवर, खोक्यांवर आयुष्यभर रोखलेला संशय त्यांनी स्वतःकडे वळवला होता.

आणि मला आता रोज रात्री तो रुमाल आठवत होता. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. बायकोला सांगितलं तर तिनं पोळी लाटता लाटता एकच वाक्य टाकलं, "म्हणजे तुम्ही त्यांना वेड लागू देणार, पण माफी नाही मागणार."

मी खाली जाणार, तोच ते वर आले. हातात टोपी. "हेर नाखबार, तुम्ही वजनातले. उद्या मी भरायला बसतो. तुम्ही बघा आणि मी कुठं चुकतो ते सांगा. सोमवारी मी परवाना परत देतोय. त्याआधी मला माझी चूक बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी मी बघितलं. हात दगडासारखा स्थिर. चिमट्यानं दारूचा एकेक कण टाकत होते. काटा सरकत यायचा, आणि मध्याच्या अगदी अलीकडे क्षणभर अडायचा. मधे आल्यासारखा दिसायचा, पण यायचा नाही. कधी अलीकडे, कधी पलीकडे. दांडीखालच्या धारेशी केसाएवढी लाल रेघ होती.

"चूक तुमची नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. आई, तूप, रुमाल. रुमालाचा भाग सांगताना माझं जर्मन फारच बिघडलं.

त्यांनी भिंग घेतलं. खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील.

"म्हणजे तो मी नव्हतो," ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "मी नव्हतो." आणि खुर्चीत बसून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. "पाच आठवडे. पाच आठवडे तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता."

"संशय आला की बोलायचं असतं. माझ्याकडून एवढंही शिकला नाहीत?"

ख्रिसमसपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलत होते. तिचं परतीचं विमान होतं त्या दिवशी तिची बॅग त्यांनीच खाली उतरवली आणि तिनं त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी तसाच परत केला, फक्त टाचा जुळवून. तराजू त्यांनी स्वतः साफ केला. तिन्ही भोकं कपाखाली आली. पण एक गोष्ट कायमची गेली. दर ऑक्टोबरला ते मला वजनं घेऊन यायला सांगू लागले. जो तराजू तिनं तपासलेला होता, तो आता माझ्या सहीवर चालायचा. त्याचं मला कधीच बरं वाटलं नाही.

असे तीन हंगाम गेले. चौथ्या शरद ऋतूत ते एका दुपारी वर आले. हातात कागद होता, कप नव्हता. कप ठेवून उपयोगच नव्हता.

"पुन्हा काहीतरी लागलंय त्याला," ते म्हणाले. "बघा जरा."

मी वजनं घेऊन खाली गेलो. वजनं ठेवली. काटा पाण्यासारखा सरकत मधे आला. दुसरं वजन, तिसरं. मी भिंग घेतलं आणि धार बघितली. स्वच्छ होती. तरी मी बघत राहिलो. गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बघत राहिलो. आयुष्यात कधी इतक्या आशेनं मी घाण शोधली नाही.

"हेर नाखबार?"

"एकदा आणखी बघतो."

"काय आहे?"

मी भिंग खाली ठेवलं. "काही नाही. ठीक आहे तराजू."

"गेनाऊ? अगदी अचूक?"

"गेनाऊ."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, त्या जुन्या, ब्रेडचं वजन करणाऱ्या नजरेनं. मग म्हणाले, "तुम्हाला काहीतरी वेगळं सांगायचं होतं. ते दिसतंय. म्हणजे हे खरं आहे."

बंदूक विकणाऱ्याकडे मीच त्यांना गाडीनं नेलं. त्यांनी पेटी उघडली, बंदूक दिली, पावती दोन्ही बाजूंनी वाचली. पुढच्या वसंतात मुलगी येऊन त्यांना हॅम्बर्गला घेऊन गेली. तळघरातल्या त्या खोलीत आता एका विद्यार्थ्याच्या सायकली असतात. बायको अजून कुकरची तिसरी शिट्टी झाली, की क्षणभर खालचा कानोसा घेते.

पण मला ते आठवतात ते त्या दिवशी बंदूक देऊन परत येतानाचे. जंगलाच्या कडेला एका कापलेल्या मक्याच्या शेतापाशी त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. रानडुकरांनी बांध उकरून टाकला होता, ओली माती काळी उलटलेली. ते उतरले, वाकले, एका खुराच्या ठशात बोट घालून बघितलं.

"आज पहाटेचे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात ताठपणा परत आला होता. बांधाच्या कडेकडेनं चालत गेले, एकेका ठशापाशी थांबत, ओठ हलवत. टोकाला पोचून ओरडले, "सात!"

मग स्वतःचाच संशय आला असावा. तीच वाट उलट्या बाजूनं पुन्हा चालत आले, पुन्हा वाकत, पुन्हा मोजत. बूट चिखलानं माखले होते. गाडीपाशी येऊन धापा टाकत म्हणाले, "आठ. एक पिल्लू आहे, आईच्या ठशातच पाय ठेवून चालतंय, म्हणून सुटलं. तुम्ही मोजून बघा."

मी नाही मोजले. ते आठ म्हणाले, म्हणजे आठ.